घराण्याची सेवा की नेमणूक? १ इतिहास २६:१० आधी वाचा

सलाम. तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या मंडळीतला (चर्चमधला) जुना वाद जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला. तीन पिढ्या तुमच्या घराण्याने गायन सांभाळलं, नव्या कमिटीने बाहेरचा प्रमुख नेमला, काका म्हणतात ‘आपण आसाफाच्या (दावीद राजाच्या गायकप्रमुखाच्या) घराण्यासारखे’, आणि नेमकं याच विषयावर तुम्हाला बायबल अभ्यास घ्यायला सांगितलंय. लेवी म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी वेगळा केलेला इस्राएलाचा वंश आणि त्यातले अहरोनाच्या घरचे ते याजक, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

माझं मत स्पष्ट सांगते: दोन्ही बाजू अर्धंच वाचतायत. इस्राएलात सेवा जन्माने मिळायची. पण कोणी काय करायचं ते नेमून दिलं जायचं आणि त्यावर देखरेखही असायची.

बायबलमधलं गणना ४ काढा. वाळवंटातल्या प्रवासात निवासमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू, लेव्यांची तीन कुळं वाहून न्यायची: कहाथी, गेर्षोनी, मरारी. कहाथींनी कराराचा कोश, मेज, दीपवृक्ष, वेद्या खांद्यावर वाहायच्या; पण अहरोन आणि त्याचे मुलगे ते सगळं झाकेपर्यंत हात लावायचा नाही. गेर्षोनींकडे पडदे. मरारींकडे फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, मेखा, तणावे, म्हणजे सगळ्यात जड आणि सगळ्यात कमी मानाचं सामान. ३२ वं वचन मात्र सावकाश वाचा. मरारींपैकी कोणी कोणती वस्तू उचलायची हे नावानिशी नेमून द्यायला सांगितलंय. मेख आणि दोरीसुद्धा ‘कुळाचं काम, बघेल कोणीतरी’ म्हणून सोडलेली नाही. देखरेखीला अहरोनाचे मुलगे: गेर्षोनी-मरारींवर ईथामार, लेव्यांच्या सगळ्या सरदारांवर एलाजार. वाहून न्यायच्या कामाला वय ३० ते ५०. अध्याय ७ मध्ये गाड्या वाटल्या तेव्हा मरारींना ४ गाड्या आणि ८ बैल, गेर्षोनींना २ आणि ४, कहाथींना एकही नाही. ओझं पाहून साधनं दिली. आमच्या कमिट्यांनी एवढं जरी शिकून घेतलं असतं!

दावीदाच्या वेळी निवासमंडप वाहायचं कामच उरलं नाही. घराणी तीच राहिली, कामं बदलली. १ इतिहास २५ मध्ये आसाफ, यदूथून, हेमान यांच्या घरचे २८८ कसबी गायक, २४ वर्ग, आणि पाळ्या चिठ्ठ्या टाकून. लहान-मोठा, गुरू-शिष्य सगळे सारखे. काकांना याच अध्यायाचं वचन २ दाखवा: आसाफाचे मुलगे आसाफाच्या हाताखाली, आणि आसाफ राजाच्या आज्ञेखाली. कमिटीला १५:२२ दाखवा: कनन्याकडे गायनाची जबाबदारी आली ती तो त्यात निपुण होता म्हणून. नेमायचं तर गाता येणारा नेमा.

आणि २६:१०. होसा मरारी कुळातला द्वारपाळ. त्याचा मुलगा शिम्री ज्येष्ठ नव्हता, तरी बापाने त्याला प्रमुख केलं. घराण्याच्या आतसुद्धा नेमणूक होती, आणि ती बापाने स्वतः केली. मला वाटतं तुमच्या घरातली गाठ सुटली तर याच वचनाने सुटेल.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान भांडणाने झालं नाही, वरच्या कार्यालयाने केलं. नाव घेत नाही. गायनाचा प्रमुख कोणी ठरवायचा, घराण्याने की कमिटीने, असं आम्ही लेखी विचारलं. कितीतरी महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: ‘परंपरेप्रमाणे करावे.’ कोणाची परंपरा? दोन्ही बाजूंनी तोच कागद आपल्या बाजूचा म्हणून वाचला. सख्ख्या चुलतभावांची घरं उपासनेला वेगवेगळ्या बाजूला बसू लागली आणि गाणारी पोरं दुसरीकडे निघून गेली. ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांनी नाव घेऊन निर्णय द्यायला हवा. न देणं हा अन्याय आहे, माझा त्यावरचा राग आजही गेलेला नाही. म्हणून तुम्ही विचाराल ते नेमकं विचारा, आणि उत्तरात माणसाचं नाव व मुदत मागा.

मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, वर्ग घेते एवढंच. तुमच्या मंडळीची घटना वेगळी असू शकते, ती आधी बघा. शिवाय बायबलमधले इतिहासाचे दोन ग्रंथ बाबेलच्या बंदिवासानंतर लिहिले गेले असं बहुतेक अभ्यासक मानतात, त्यामुळे त्या याद्यांत नंतरच्या मंदिराची व्यवस्थाही मिसळलेली असू शकते. कोणी तो मुद्दा काढला तर वाद घालू नका.

जाता जाता: एज्रा २:६२ मध्ये वंशावळीत नोंद सापडली नाही म्हणून काही घराण्यांना याजकपणापासून दूर ठेवलं. तुमच्या आजोबांपासूनची सेवा मंडळीच्या नोंदवहीत आहे का, ते पाहून घ्या. आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांची (तिथल्या ज्यू समाजाची) परंपरा सांगते की डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू गुरूने तीन घराण्यांतले काजी, म्हणजे धार्मिक पुढारी, नेमले आणि पुढे ते पद त्या घराण्यांत चाललं. वर्गात मुलं असतील तर हे उदाहरण त्यांना आवडतं.

तासाभराचा अभ्यास असेल तर गणना ४ आणि १ इतिहास २६ एवढंच घ्या. १ इतिहास २४ मधल्या याजकांच्या वर्गांना स्वतंत्र दिवस लागतो.