पावतीच्या मागे काय लिहिलंय?

प्रश्न : ताई, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली आमची छोटी सहकारी संस्था शेतकऱ्यांकडून काजूबिया विकत घेते. गेल्या हंगामात तयार सॉफ्टवेअर बसवलं, पण पंधरा दिवसांत कारकून पुन्हा वहीवर आला. पुरवठादार म्हणतो, तुमची माणसं शिकत नाहीत. आता नवीन करून घ्यायचं तर सुरुवात कुठून करावी?
– एक सचिव, वाळपई

उत्तर : वहीपासून करा. कारकून ज्या वहीकडे परतला, तिच्यात असं काहीतरी आहे जे संगणकात मावलं नाही. ते सापडेपर्यंत कुणाकडूनही कोटेशन मागवू नका.

डिचोली भागातल्या अशाच एका खरेदी केंद्राचं काम मी केलं होतं. व्यवस्थापकांनी पद्धत पाच मिनिटांत सांगितली : गोणी काट्यावर, बारदानाचं वजन वजा, त्या दिवसाचा दर, पावती, पैसे. मी तरीही काट्याशेजारी स्टूल टाकून दोन दिवस बसले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, कारकून काही पावत्या उलटून मागे पेन्सिलीने लिहितो. एकीवर होतं, ‘उ. १५००’. म्हणजे चवथीला, गणपतीच्या वेळी, घेतलेली उचल, आता बियांच्या पैशांतून वळती करायची. दुसरीवर कोंकणीत, ‘बापायच्या नांवार’. सभासद बाप, गोणी घेऊन आलेला मुलगा. व्यवस्थापकांनी यातलं काही लपवलं नव्हतं. त्यांच्या टेबलावर पावतीची पुढचीच बाजू यायची.

हे सापडलं की कागदावर माहितीच्या प्रवाहाची आकृती काढा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस टॉम डीमार्को वगैरे सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनी रूढ केलेली ही रीत आजही मला सगळ्यात उपयोगी वाटते, कारण ती समजायला संगणक यावा लागत नाही. शेतकरी, बँक अशा बाहेरच्यांना चौकोन, कामाला वर्तुळ, वहीला दोन समांतर रेघा आणि माहितीला बाण. मग प्रत्येक वर्तुळापाशी थांबून विचारा : यातून जे बाहेर पडतं, ते आत शिरणाऱ्या बाणांतून तयार होतं का? ‘हिशेब’ या वर्तुळातून देय रक्कम निघते, पण उचलीचा बाण आत येतच नाही, तर रक्कम चुकणारच. तुमचं सॉफ्टवेअर बहुधा अशाच जागी अडलं असेल.

बाप-मुलाची गोष्ट वेगळी. ती माहिती साठवण्याच्या आराखड्यातली आहे. संगणकशास्त्रज्ञ पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या पद्धतीने बघा : ‘सभासद’ आणि ‘माल आणणारा’ या दोन नोंदी, आणि त्यांच्यातलं नातं ही तिसरी गोष्ट. तिन्ही एकाच रकान्यात कोंबलं की मुलाच्या नावाने पावती फाटते आणि बापाची उचल तशीच राहते.

आकृती पुरी झाली की संगणकाच्या पडद्यांची कच्ची चित्रं कागदावर काढून कारकुनासमोर ठेवा आणि गेल्या वर्षीच्या वीस जुन्या पावत्या त्याला त्यांवर भरायला सांगा. उचलीच्या, फाटक्या गोणीच्या, खाडाखोडीच्या मुद्दाम निवडा. तो अडखळेल तिथे मागे जा, आकृती सुधारा. सॉफ्टवेअर बनवताना टप्प्याटप्प्याने सरळ पुढे जाण्याचं चित्र ज्यांच्या नावावर खपतं, त्या विन्स्टन रॉइस यांनीच १९७० साली, ते चित्र ज्या लेखात आहे त्याच लेखात, नुसतं पुढे जाणं धोक्याचं आहे, असं बजावलं होतं.

एक अट मात्र करारात लिहूनच घ्या : वीज किंवा नेट गेलं तरी वजन आणि पावती थांबता कामा नये. एप्रिल-मेच्या वळिवात सत्तरीत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि ऐन हंगामात बदल करू नका. फेब्रुवारीच्या शेवटी तुरळक बिया येऊ लागतात, तेव्हा वही आणि संगणक दोन्ही बरोबर चालवा. रोज संध्याकाळी दोन्हींची बेरीज जुळवा, सलग दोन आठवडे पैशापैशाने जुळली की मगच वही बंद करा. त्या दोन आठवड्यांत कारकुनाला दुप्पट काम पडेल, तेव्हा मदतीला एक माणूस द्या.