वेदना, पीडा आणि शून्य ते दहा

संधिवाताच्या रुग्णाला 'शून्य ते दहापैकी दुखणे किती?' असे विचारतात, त्या 'पेन स्केल'ला 'वेदनामापक' म्हणावे काय, असा प्रश्न आला आहे. म्हणू नये. (प्रश्नात 'संधीवात' लिहिले आहे, समासात 'संधि' ऱ्हस्वच राहतो.) तापमापक झोपलेल्या माणसाचाही ताप दाखवतो, येथे रुग्णाने सांगितल्यावाचून आकडाच नाही, आणि तरीही 'वेदनामापक यंत्र' असे छापलेले वारंवार वाचावे लागते.

'विद् म्हणजे जाणणे, म्हणून वेदना' एवढ्यावर बहुतेक व्युत्पत्तिकार समाधान मानतात, ते मला मान्य नाही. धातुपाठाच्या, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ धातूंच्या यादीच्या, दहाव्या गणात (वर्गात) 'विद चेतनाख्याननिवासेषु' असा आणखी एक विद् आहे: जाणवणे, सांगणे आणि राहणे. संधिवाताच्या दुखण्याचे याहून नेमके वर्णन मला ठाऊक नाही, कारण ते आधी जाणवते, मग सांगावे लागते, आणि तीन महिने उलटूनही हलले नाही की वैद्यकही त्याला दीर्घकालीन म्हणते, म्हणजे त्याने मुक्कामच ठोकलेला असतो. 'निवास' हा अर्थ 'वेदना' या शब्दात मी ओढूनताणून आणतो, असे वैयाकरण म्हणतील, खुशाल म्हणोत.

याउलट, कोश ज्या 'पीडा'ला बिनदिक्कत समानार्थी ठरवतात, ती पीड् म्हणजे दाबणे, पिळणे यातून आली आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांधे सुजवणाऱ्या संधिवातात डॉक्टर खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंतचे २८ सांधे अंगठ्याने दाबून दुखरे किती ते मोजतात, ती पीडा. एका टोकाला 'अजिबात दुखत नाही' आणि दुसऱ्या टोकाला 'असह्य' अशा १०० मिलिमीटरच्या रेघेवर रुग्ण स्वतः खूण करतो, ती वेदना. फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा विकार; त्याच्या निदानाच्या १९९० च्या अमेरिकी निकषांत शरीरावरील १८ ठिकाणे सुमारे चार किलोच्या दाबाने, म्हणजे दाबणाऱ्याचे नख पांढरे पडेल इतक्या जोराने, दाबून त्यांतली किमान ११ दुखरी असणे आवश्यक होते; २०१० च्या निकषांत ते दाबणे गेले आणि कोठे कोठे दुखते हे रुग्णाचे सांगणे आले. पीड् मागे पडला, विद् पुढे आला, आणि कोशांत मात्र दोघे अजून एकाच ओळीत बसलेले आहेत.

राहिला मूळ प्रश्न. रेघेला 'वेदनारेषा' आणि शून्य ते दहातील उत्तराला 'वेदनांक' म्हणावे. रुग्णाला विचारताना मात्र 'किती दुखते?' एवढेच विचारावे.