'त्सदाका' म्हणजे दान नव्हे

प्रश्न असा आहे: आजच्या जगण्यातल्या नैतिक पेचांवरच्या एका व्याख्यानात 'त्सदाका' म्हणजे ज्यूंचं दान असं सांगितलं गेलं. ते बरोबर का, आणि उच्चार काय?

उच्चाराचं लगेच सांगतो. इंग्रजी स्पेलिंग पाहून 'टझेडाका' म्हणू नका, कानाला फार टोचतं. आजच्या हिब्रूतलं ते पहिलं अक्षर म्हणजे आपल्या 'चाका'तला च. मराठी माणसाला तो जन्मापासून येतो.

आता अर्थ. 'दान' म्हणजे देणं, देणाऱ्याच्या मर्जीचं. हिब्रू शब्दाच्या मुळाशी न्याय आहे, रास्तपणा आहे. त्याच धातूचा 'त्सदीक' म्हणजे सत्पुरुष. अरबी 'सदका' त्याचा भाऊबंद. त्सदाका हे गरिबाचं येणं आहे, आपले उपकार नव्हेत. म्हणून तर ज्यूंचा धर्मशास्त्रावरचा ग्रंथ तालमूद म्हणतो की त्सदाकावर जगणाऱ्यानेही त्सदाका द्यावी.

बायबलातल्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकात एक वचन आहे: त्सदाका मृत्यूपासून सोडवते. मराठी बायबलात तिथे 'नीतिमत्त्व' अशा अर्थाचा शब्द आहे. ज्यूंच्या अंत्यविधीला मात्र हेच वचन म्हणत पैशांचा डबा फिरवण्याची चाल आहे. नीतिमत्त्व आणि डब्यातलं नाणं, शब्द एकच!

मग मराठीत काय म्हणायचं? 'धर्म'. आमच्या दारात म्हातारी यायची ती 'दान द्या' असं कधीच म्हणाली नाही. 'धर्म कर गं माय' म्हणायची, आणि आजी सुपातले मूठभर तांदूळ तिच्या पदरात घालायची. धर्मशाळा, धर्मार्थ दवाखाना, धर्मादाय आयुक्त, सगळीकडे हाच अर्थ. 'दानधर्म'मधला 'धर्म' 'भाजीपाल्या'तल्या 'पाल्या'सारखा नुसता जोडीला आलाय असं म्हणणाऱ्या विद्वानांनी दारावरची हाक ऐकलेलीच नाही. माझ्या मते त्या जोडशब्दाचा सगळा भार 'धर्म'च पेलतो.

आणि देताना फोटो काढावा का, हा व्याख्यानातला पेच? बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने त्सदाकाच्या 8 पायऱ्या लावल्या. खालच्या पायरीवर नाखुशीने देणारा. बराच वर, पैसे फडक्यात बांधून पाठीमागे टाकणारे, म्हणजे कोणी उचलले ते दिसू नये आणि घेणाऱ्याला लाज वाटू नये. सगळ्यात वर, माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असं उभं करणारा, की त्याला पुन्हा कुणापुढे हात पसरावा लागू नये.