व्हेरिफाय बंद केलं की चालतं, म्हणून तसंच ठेवू नका

587 या मेलच्या पोर्टवर मेल पाठवताना पायथन ‘अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’ (सर्व्हरचं ओळखपत्र, म्हणजे सर्टिफिकेट, कुणी दिलं ते सापडत नाही) म्हणून अडतं, सर्ट-नन लावून ती तपासणी बंद केली की चालतं, तसंच ठेवू का, असं विचारलंत. वाचून इंदूरच्या सियागंजातलं ते माळ्यावरचं ऑफिस आठवलं.

किराणा होलसेलचं काम होतं. सेल्समन मोबाइलवर ऑर्डर भरायचे, माझी स्क्रिप्ट ती दुकानाच्याच डोमेनच्या मेलबॉक्सात टाकायची. मी शहाण्याने होस्टच्या जागी सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आकडी पत्ता, आयपी, लिहिला होता. सर्टिफिकेटवरचं नाव त्याच्याशी जुळेना, एरर आली. होस्टिंगवाल्यांना फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, “सर, एसएसएल चेक बंद कर दो, सब यही करते हैं.” केलं. दोन दिवसांसाठी! चौदा महिने तसंच राहिलं.

मग त्यांनी मेल नव्या सर्व्हरवर हलवला, जुना चालूच ठेवला. आयपी जुनाच लिहिलेला, म्हणून माझी स्क्रिप्ट त्या जुन्यालाच पासवर्ड देत राहिली, लॉगमध्ये ‘सेंट’ लिहीत राहिली. तिथल्या सर्टिफिकेटची मुदत कधीच संपली होती. तपासणी चालू असती तर त्याच दिवशी बोंब झाली असती. ऐन दिवाळीतल्या अकरा दिवसांच्या ऑर्डरी कुणी न उघडणाऱ्या पेटीत पडून. होस्टिंगवाले म्हणे, “हमारी तरफ से सब ओके है.” शेठजींचं बोलणं मी खाल्लं.

तुम्हाला एरर येतेय म्हणजे कॉन्टेक्स्ट (कनेक्शनच्या तपासणीची सेटिंग) तरी नीट दिलाय. पायथनमधल्या 2014 च्या पेप 476 या बदलाने फक्त एचटीटीपीएसची, म्हणजे वेबची, तपासणी आपोआप सुरू झाली. मेल पाठवणाऱ्या एसएमटीपीलिबला, मेल वाचणाऱ्या आयमॅपलिबला क्रिएट-डिफॉल्ट-कॉन्टेक्स्ट स्वतः द्यावा लागतो, नाहीतर गुपचूप कुणाशीही बोलतात. मी पायथन 3.11 पर्यंत पाहिलंय, पुढचं तुम्ही पाहा.

तुमच्या सर्व्हरकडून बहुतेक मधलं, इंटरमीजिएट सर्टिफिकेट (सर्व्हरच्या सर्टिफिकेटला विश्वासातल्या मूळ सर्टिफिकेटशी जोडणारी कडी) येत नसावं. ब्राउझर ते स्वतः मिळवतो, पायथन नाही. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट या कमांडने, स्टार्टटीएलएस एसएमटीपी आणि शोसर्ट्स हे पर्याय लावून, सर्टिफिकेटांची साखळी बघा. एकच सर्टिफिकेट आलं तर सर्व्हरवाल्याला सांगा. त्यांच्याकडे सर्टिफिकेट आणून देणारं सर्टबॉट असेल तर सेटिंगमध्ये सर्ट.पेम (एकटं सर्टिफिकेट) या फाइलच्या जागी फुलचेन.पेम (पूर्ण साखळी), एवढंच काम. सांगाल ते ईमेलनेच, फोनवर नाही. ऐकलं नाही तर ते मधलं सर्टिफिकेट फाइलमध्ये ठेवून लोड-व्हेरिफाय-लोकेशन्सने द्या. जुगाडच आहे, ते मधलं सर्टिफिकेट बदललं की पुन्हा अडेल. पण मोठ्याने अडेल.

मी काही सिक्युरिटीवाला नाही, दुकानदारांची सॉफ्टवेअरं सांभाळतो. साखळीचं आउटपुट टाका, रात्री बघतो. स्क्रिप्ट टाकलीत तर पासवर्ड तेवढा खोडा.