सेन्सर बदलण्याआधी वायर बघ

मशिनवर सेन्सरचा फॉल्ट कोड आला की लगेच नवा सेन्सर मागवू नकोस. एक्स्कॅव्हेटरवर सेन्सर मरण्यापेक्षा वायर घासणं आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरणं मी कितीतरी जास्त वेळा पाहिलंय.

जे-१९३९ पद्धतीत (जड मशिनचे कंट्रोलर ज्या भाषेत बोलतात ती) कोडसोबत एफएमआय, म्हणजे बिघाडाचा प्रकार सांगणारा आकडा येतो: ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी. तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरला किल्ली चालू करून मल्टिमीटर लाव: सप्लायला ५ व्होल्ट, सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ च्या मध्ये. वायर टोचू नकोस, कनेक्टरच्या मागून पिन घाल. टोचलेल्या जागी पावसाळ्यात हिरवा गंज धरतो.

एकदम चार-पाच कोड आले तर घाबरू नकोस. बऱ्याच मशिनवर ५ व्होल्टची लाइन अनेक सेन्सरना सामाईक असते. एकाने ती शॉर्ट केली की सगळेच ओरडतात. एकेक सॉकेट काढत जा. जो काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो सेन्सर धर. सगळे काढूनही येत नसतील तर हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा तपास.

एका खडी क्रशरवर मी एक्स्कॅव्हेटरच्या बूमचा, म्हणजे मोठ्या हाताचा, प्रेशर सेन्सर दोनदा बदलला. बूम वर गेली की कोड यायचा. शेवटी बूमच्या बुडाशी, क्लॅम्पखाली घासलेली वायर सापडली. मालकाचे दोन दिवस वाया गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून मधूनच येणाऱ्या-जाणाऱ्या फॉल्टला बूम जमिनीवर टेकव, इंजिन बंद कर, मीटर लावून ठेव आणि हेल्परला हार्नेस हलवायला सांग.

आणि मशिनवर नुकतंच वेल्डिंग झालंय का, हे ऑपरेटरला सगळ्यात आधी विचार; वेल्डिंगच्या करंटनेही सेन्सर आणि वायरिंग बिघडू शकतं.