मॉडेल रेल्वेचं मासिक चाळताना

संपादकांनी कौतुक केलं म्हणून लगेच इंजिन मागवू नका. परीक्षणात वळणाची किमान त्रिज्या दिलीय का, ते आधी बघा. १८ इंच त्रिज्येच्या वळणावर लांब डबे घसरतात, आणि रूळ मांडायच्या ४ फुटी प्लायवर त्याहून फार मोठं वळण बसत नाही.

ब्रिटिश मासिकांत बहुधा ओओ हे प्रमाण (१:७६, म्हणजे खऱ्याच्या ७६वा भाग), अमेरिकन मासिकांत एचओ (१:८७). दोन रुळांतलं अंतर दोन्हींत १६.५ मिमीच, म्हणून नवखे सरमिसळ करतात. मग ओओच्या डब्याशेजारी एचओचं स्टेशन बुटकं दिसतं.

वाचकांची पत्रं मात्र सोडू नका. छापील वायरिंगमधली चूक बरेचदा तिथेच, पुढच्या अंकात कळते.

बडोद्याचे असाल, तर डभोईची जुनी नॅरोगेज (७६२ मिमीची अरुंद रेल्वे) खुणावणारच! एचओच्या प्रमाणात ७६२ भागिले ८७, पावणेनऊ मिमी. ९ मिमीचा रूळ चालून जातो. पण ते नंतर. आधी एक गोल, एक सायडिंग (बाजूला फुटणारा रूळ).