केबीसीची मूळ ब्रिटिश कंपनी सेलाडोर सोनीनं विकत घेतली का?

नाही, सोनीकडे गेले ते फॉरमॅटचे, म्हणजे कार्यक्रमाच्या साच्याचे, हक्क, तेही दुसऱ्या कंपनीमार्फत. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

सेलाडोर १९८० च्या दशकात सुरू झाली. तिचा 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?' ४ सप्टेंबर १९९८ ला आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर आला आणि पुढे देशोदेशी त्याचे परवाने विकले गेले. २००० चं स्टार प्लसवरचं केबीसी त्यातलंच.

२००६ मध्ये सेलाडोरचे तुकडे पडले. मिलियनेअरचे हक्क नेदरलँड्सच्या टूवेट्रॅफिक या कंपनीकडे गेले आणि २००८ मध्ये सोनी पिक्चर्सनं ती टूवेट्रॅफिकच घेतली. चित्रपटाची शाखा मात्र यात नव्हती, म्हणून 'स्लमडॉग मिलेनियर'वर सेलाडोर फिल्म्सचं नाव दिसतं.

खरी गंमत डिस्नेबरोबरच्या दाव्यात आहे. अमेरिकी आवृत्तीच्या नफ्यात सेलाडोरचा अर्धा वाटा ठरला होता. पण ती दाखवणारी एबीसी वाहिनी आणि कार्यक्रम पुरवणारी ब्यूना व्हिस्टा, दोन्ही डिस्नेच्याच. सेलाडोरचा आक्षेप असा, की एबीसीनं आपल्याच घरातल्या कंपनीला निर्मितीखर्चाएवढंच शुल्क दिलं. त्यामुळे कार्यक्रम तुफान चालूनही हिशेबवहीत नफा शून्य! शून्याचा अर्धा किती? २००४ मध्ये दावा, २०१० मध्ये ज्युरीचा सुमारे २७ कोटी डॉलरचा निकाल. व्याजासह रक्कम ३१ कोटींच्या वर गेली आणि २०१२ मध्ये अपिलातही टिकली.

फॉरमॅट विकताना वाटा 'नफ्यावर' लिहू नये, एकूण उत्पन्नावर लिहावा, ते यासाठीच.